आठेच शे मी

मी काजळी बोलतेय. जरा जवळ या, मला हळू बोलावं लागतं. मी लपलेली आहे. लपलेल्याने तोंड उघडायचं नाही असा नियम आहे, आणि तो खास माझ्यासाठीच केलेला. पण इतकी वर्षं जुन्या स्क्रूंच्या संगतीत काढल्यावर कोणाशी तरी बोलावंसं वाटणारच की!

माझी उंची करंगळीच्या दोन पेरांएवढी. अंग शिसं आणि कथलाचं, रेडिओ दुरुस्त करणारे डाग द्यायला जी तार वापरतात तिचं. डाव्या हाताला बोटं नाहीत. मी एका खेळातली सोंगटी आहे, पण सारीपाटातल्या सोंगट्यांशी माझी गाठ घालू नका. त्या एकसारख्या दिसतात आणि ढकलतील तिकडे जातात. मला नाव आहे, स्वभाव आहे, आणि मला जादू येते.

माझा जन्म भुसावळजवळच्या दीपनगरचा. वीजकेंद्राच्या त्या कॉलनीत धुणं वाळत घातलं की त्यावर राखेची पिठी बसायची आणि बाया चिमणीच्या नावाने बोटं मोडायच्या. लीलाधर तिथे कंट्रोल रूममध्ये कामाला होता. मूळचा असोद्याचा, घरी केळीची बाग. पण त्याचा जीव बागेत नव्हता, गोष्टी रचण्यात होता. शहाऐंशी साली यंत्रं तपासायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना त्याला एक खोका देऊन गेला. खोक्यात एक पुस्तक होतं आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे, अगदी वीस तोंडांचासुद्धा. लीलाधरने डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचून काढलं. त्याला कळलं ते असं की, या खेळात एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. माणूस कसा असेल, काय करील, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगणार.

खेळायला दोघं मिळाली. एक सुकदेव, वर्कशॉपमधला वेल्डर, दारातून आत यायला आडवं व्हावं लागेल एवढा धिप्पाड. दुसरी प्रमिला. ती पाणी तपासायच्या लॅबमध्ये होती, धुळ्याकडच्या एका खेड्यातली, कॉलनीत भावाच्या क्वार्टरमध्ये राहायची. रविवारी सकाळी बुद्धविहारातली वंदना आटोपून, घरचं आवरून ती दुपारी लीलाधरकडे यायची. सुकदेवला ती सुकदेवभाऊ म्हणायची. लीलाधरला मात्र भाऊ म्हणायची नाही. नुसतं नाव घेणंही तिला जमेना. मग गोष्ट सांगणारा म्हणून तिने त्याला सूत्रधार करून टाकलं आणि स्वतःची सुटका करून घेतली.

मला घडवलं त्या दुपारची हकीगत मी नंतर त्यांच्याच तोंडून कितीदा ऐकली आहे. सुकदेवचा माणूस दोन मिनिटांत तयार झाला. तलवार, ढाल, मिशा, झालं. प्रमिलाने माझ्या बळासाठी फासे टाकले तर दान इतकं हलकं पडलं की सुकदेव मांडीवर थाप मारून हसला.

"या ताकदीत तर पाण्याची बादली उचलवायची नाही हो बाई!"

"मला उचलायचीच नाहीये," प्रमिला म्हणाली. "बुद्धी बघा. चपळाई बघा."

"मग जादूगार करा. नाहीतर चोर," लीलाधर म्हणाला.

"दोन्ही. जादू यायला हवी आणि कोणाला दिसायला नको."

लीलाधरने पुस्तक चाळलं. "तसं नाही जमत. चोर लपतो. जादूगाराला मंत्र मोठ्याने म्हणावा लागतो. मंत्र म्हटला की लपणं संपलं."

"हे पुस्तक लिहिणारा एस. टी. स्टँडवर मुलगी म्हणून कधी एकटा उभा राहिला नसेल," ती म्हणाली. "नाहीतर त्याला कळलं असतं, न बोलता काय काय करता येतं ते."

लीलाधरने तो नियम पुन्हा एकदा वाचला. मग त्याने पुस्तक मिटून ठेवलं. मला वाटतं, माझा खरा जन्म तिथे झाला.

मग दोघांची घासाघीस सुरू झाली. बोटांनी मंत्र टाकता येईल, आवाज न करता. पण त्याच्या बदल्यात चिलखत नाही, तलवार नाही, एक घाव बसला तर मी आडवी. मंत्र तीनच मिळतील. सुकदेव ओरडला, "आगीचा गोळा घ्या! एका दणक्यात बठ्ठे राक्षस खलास!"

"आणि सगळ्यांनाच कळेल मी कुठे उभी आहे ते," प्रमिला म्हणाली. तिने मंत्र घेतले ते असे: दिवा मालवायचा, आपला आवाज भलतीकडून काढायचा आणि कुलूप उघडायचं. कुलपाची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेत किल्ली फिरवायची. लपायची खूण म्हणजे मूठ मिटायची.

"एक अट," लीलाधर म्हणाला. "लपून संपलं की एक शब्द मोठ्याने म्हणायचा. तो तुम्ही स्वतः म्हटल्याशिवाय काजळी कोणाला दिसणार नाही. मलासुद्धा."

कोणता शब्द, यावर प्रमिला एकदम हसली. लहानपणी ती घरात वेचून ठेवलेल्या कपाशीच्या ढिगात लपायची. तिची आई झुंबरबाई घरभर हाका मारत फिरायची, "कोठे शे वं माय?" आणि आईचा आवाज रडवेला झाला की ही ढिगातून डोकं काढायची, "आठेच शे मी!" म्हणजे, इथेच आहे मी. भुसावळकडची बोली निराळी, कॉलनीत तर सगळ्या मुलखाची माणसं. तिथे 'आठे' कोण म्हणणार! तेव्हा शब्द ठरला.

सुकदेवने राख आणि चिकणमाती कालवून साचा केला, कडक वाळवला आणि मला ओतलं. मी अनवाणी. हातात बांगड्या नाहीत, त्या वाजतात म्हणून प्रमिलाने नको सांगितल्या होत्या. डाव्या हातात धातू पोचलाच नाही. सुकदेव बिचारा पुन्हा ओतायला निघाला, तर तिने मला पदराआड घेतलं. "असू द्या. उजव्या हाताने जमतं तिला सगळं." नंतर कंदिलाच्या काचेवर धरून तिने मला काळी केली.

शहाबादी फरशीचे चौकोन हाच आमचा पट. मी लपले की लीलाधर आणि सुकदेव भिंतीकडे तोंड करायचे आणि प्रमिला मला खोलीत कुठेतरी ठेवायची. कूलरमागे, सुपारीच्या डबीत, कॅलेंडरच्या खिळ्यावर. कोणी शोधायचं नाही. मग गोष्टीत योग्य वेळ आली की ती म्हणायची, "आठेच शे मी," आणि मला काढून राजाच्या पलंगाशेजारी उभं करायची. सुकदेव टाळ्या वाजवायचा. आणि प्रमिला! कॉलनीत कोणाकडे गेली, किती वाजता परतली, यावर दहा जणांची नजर असायची तिच्यावर. त्या खोलीत दोन तास तिला कोणीही पाहत नव्हतं, आणि तिला हवं तेव्हाच ती दिसत होती. मला तिच्या तळहाताचा घाम कळायचा हो. मला सांगा, असं सुख कोणत्या सोंगटीला मिळालंय?

लीलाधर तिच्याकडे बघायचा. ती बघत नसे तेव्हाच. असोद्याचं केळीवालं घर आणि विहारातून येणारी ही. त्या दोघांनी मनातल्या मनात किती वेळा सगळं पुढपर्यंत जाऊन पाहिलं असेल आणि परत फिरली असतील. बोललं कोणीच नाही. चोरून वागायची कला मला शिकवली खरी, पण त्यात ती दोघं माझ्यापेक्षा तयार होती.

शेवटच्या डावात सुकदेवचा पहिलवान एका किल्ल्यात पकडला गेला. कोठडीला कुलूप. त्याला सोडवायला मी निघाले. पुरुष भिंतीकडे वळले आणि प्रमिलाने मला फळीवरच्या चहाच्या जुन्या डब्यात ठेवलं. त्यात फ्यूजची तार आणि जुने स्क्रू होते. झाकण लावता लावता ती पुटपुटली, "थांब हं, आलेच." तेवढ्यात तिचा भाऊ धापा टाकत दारात आला. गावाकडे वडील कोसळले होते, निम्मं अंग गेलं होतं. ती चपला पायात सरकवत तशीच निघाली. डाव तसाच राहिला.

ती परत आली नाही. वडील पुढे वर्षभराने गेले, आई एकटी पडली. दीपनगरची नोकरी सोडून तिने तिकडेच एका शाळेत काम धरलं, असं सुकदेवने बातमी आणली. बातमी सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी कोठडीतच का?" लीलाधर म्हणाला, "सध्या तरी."

लीलाधरला ठाऊक होतं मी कुठे आहे. त्या रविवारी झाकणाचा आवाज त्याने ऐकला नसेल कसा? पण त्याने डबा कधी उघडला नाही. फ्यूज उडाला तर शेजाऱ्याकडून तार मागून आणायचा. पुढे त्याचं लग्न झालं. कुंदाबाई भली बाई. तिने एकदा आवराआवर करताना डबा हलवून पाहिला आणि भंगारात टाकायला काढला. लीलाधर म्हणाला, "राहू दे. त्यात कोणीतरी राहतं." तिला वाटलं पाल असेल. तेव्हापासून ती डबा लांबूनच पुसते.

मग बदली झाली, आणि कुठे म्हणाल तर धुळ्याला! आता माझी काय गत झाली असेल विचार करा. दीपनगरला जो शब्द कोणी उच्चारत नव्हतं, तो धुळ्यात पहाटेपासून कानावर. भाजीवाली ओरडतेय, "ताजी मेथी आठे शे!" समोरच्या थांब्यावर कंडक्टर सांगतोय, "शिरपूरनी गाडी आठेच शे!" दर वेळी मी अंग सावरून तयार व्हायचे. आणि दर वेळी तो आवाज दुसऱ्याच कोणाचा असायचा. हळूहळू सवय होईल असं वाटलं होतं. झाली नाही. वाट पाहणाऱ्याला सवय कसली होतेय.

गेल्या महिन्यात ती आली. विजेच्या ऑफिसात बिलाच्या कामाला गेली तिथे लीलाधरला अचानक भेटली, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणलं होतं. त्याने घरी यायचा आग्रह केला. झुंबरबाईंचे गुडघे धरलेले, जिना चढवेना, म्हणून त्या खालीच ओट्यावर बसल्या. रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं होतं. प्रमिला एकटी वर आली. पावलांवरून मी ओळखलं. अजूनही तिची पावलं वाजत नाहीत.

कुंदाबाईने चहा ठेवला. प्रमिला म्हणाली, "छान आहे घर, लीलाधरभाऊ."

भाऊ! डब्यातल्या डब्यात मी स्क्रूंखाली सरकले. मग शाळेच्या गोष्टी झाल्या, उन्हाच्या झाल्या. त्याने विचारलं, "शाळेत मुलांना खेळ वगैरे शिकवता का?" ती म्हणाली, "वेळ कुठे मिळतो." बस. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं शब्द म्हण, एकदाच म्हण! लीलाधरलाही तेच वाटत असणार. पण त्याने आठवण करून देणं नियमात बसत नव्हतं, आणि हा माणूस नियमाचा पक्का.

कप खाली ठेवून ती उठली. कुंदाबाई झुंबरबाईंसाठी पाणी घेऊन आधीच खाली गेली होती. प्रमिला दारात पोचली आणि खालून म्हातारा, कापरा आवाज आला.

"कोठे शे वं माय?"

"आठेच शे मी!" प्रमिला मोठ्याने म्हणाली. आणि थांबली.

मग ती मागे न बघता जिना उतरून गेली. या वेळी पावलं वाजली.

लीलाधरने डबा काढला. झाकण गंजून बसलं होतं, त्याची बोटं सटकत होती. उजेडाने माझे डोळे दिपले. मला दोन बोटांत धरून तो गॅलरीत गेला आणि कठड्यावरून हात उंच केला. खाली रिक्षा सुरू झालेली. प्रमिलाने मान बाहेर काढून वर पाहिलं. चष्मा लागलाय तिला. केसही पुष्कळ पांढरे झालेत. किती वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात बाहेर काढला, अंगठा आणि तर्जनी जुळवली आणि हवेत किल्ली फिरवली.

रिक्षाने गचका घेतला आणि तिची मूठ मिटली. ती रिक्षाचा दांडा धरत होती की मला लपवत होती, देव जाणे. लीलाधरने त्याला हवा तो अर्थ घेतला. खरं सांगायचं तर मीही तोच घेतला.

त्याच संध्याकाळी मला खिशात घालून त्याने कोपऱ्यावरच्या बूथवरून दीपनगरला फोन लावला. "सुकदेव, कुलूप उघडलं रे." सुकदेव काय म्हणाला ते मला कळलं नाही. परत आल्यावर लीलाधर बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसत बसला होता. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं, मागे हात करून चाचपत मला डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

म्हणून म्हटलं, हळू बोलावं लागतं. तुम्ही मला पाहिलंत हे कोणाला सांगू नका. धुळ्याकडच्या एखाद्या शाळेत चष्मा लावलेली, पावलं न वाजवता चालणारी बाई भेटली, तर तिलाही काही विचारू नका. फक्त तिच्या वर्गासमोरून जाताना जरा हळू चाला. कधी तरी, कोणी हाक मारल्यावर, ती तेच तीन शब्द पुन्हा म्हणेल. चाल तिची आहे, आणि मी आठेच शे.