सिगारची चव

"रंगावर भुलू नकोस, पोरा. रंग फसवतो. आधी हुंग."

बाटलीचं बूच काढता काढता गुरुजी बोलले होते. ओटमार रीडेझेलच्या कानांत ते शब्द अजून ताजे होते. नाक मात्र दोन वर्षांपासून मुकं झालं होतं. ज्या द्रव्यावर त्याने नाव कमावलं, त्याच्याच वाफांनी त्याचं नाक मारलं. दारातला लिंडनचा वृक्ष घमघमून फुलला, तरी याला जशी शिशिराची फांदी. बायकोलाही त्याने कळू दिलं नव्हतं. वास गेलेला रसायनज्ञ म्हणजे सूर गेलेला गवई; त्याला प्रयोगशाळेत उभं कोण करील? विद्यार्थ्यांचे चेहरे वाचून तो वास ओळखायचा आणि वेळ निभावून न्यायचा.

आज समोर एकच चेहरा होता, आणि तोही नाक पुसत होता.

"नाक पार चोंदलंय, प्रोफेसर," त्याची सहायक हेडविग टाम म्हणाली. तिच्यापुढे प्रुसिक आम्लाचा, त्या जहाल विषाचा, चंबू तापत होता. "आमच्या घरची सर्दी म्हणजे सासू. आली की ईस्टरपर्यंत हलत नाही! तुम्हीच सांगा, वायू कुठून सुटत नाही ना?"

त्याने हुंगल्यासारखं केलं. "छे."

"मग माझं डोकं का जड झालंय?"

"काल नाचायला गेला होतात ना, बाईसाहेब?"

"गेले होते. पण बिअर अर्धाच पेला, शपथ!" ती हसली आणि पेटवलेली सिगार तिने त्याच्या हाती दिली. या विषाशी खेळणाऱ्यांची ती जुनी रीत: हवेत ते मिसळलं की धुराची चव पालटते. "ओढून बघा. तुमच्या जिभेवर माझा जीव."

त्याने झुरका घेतला. तोंडात नुसती ऊब भरली, कापसासारखी. बाहेर बर्फ होतं, खिडक्या घट्ट लावलेल्या. हेडविग चंबूचा सांधा आवळायला वाकली आणि तिने टेबलाची कड धरली.

"जमीन हलतेय, की मीच?" ती पुटपुटली. "चव कशी आहे?"

'ठीक' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला.

"बाहेर! चला, बाहेर!"

चंबूखालची ज्योत विझवून, तिचा दंड धरून त्याने तिला अंगणात ओढत नेलं. बर्फात गुडघे टेकून ती खोल श्वास घेत राहिली. मग तिने मान वर केली.

"म्हणजे पालटली होती चव?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला चव लागत नाही, टामबाई. वासही येत नाही. दोन वर्षं झाली."