टाकीच्या तळाचे पाणी

मित्रांनो, मी एक जुना हवेचा कॉम्प्रेसर आहे. टायरवाल्याच्या दुकानाबाहेर धडधड करत उभा असतो ना, तो माझा चुलतभाऊ. दोघांची घडण एकच: वर मोटर, तिच्या शेजारी हवा कोंबणारा पंप आणि खाली आडवी लोखंडी टाकी. बाहेरची हवा ओढायची, दाबून दाबून टाकीत भरायची आणि नळी जोडली की सोडायची, एवढेच आमचे काम. माणसे पोट भरले की सुस्तावतात. माझे उलटे आहे. माझे पोट भरले की त्याच्या भिंती आतून ताणल्या जातात, आणि तो ताण मी गुपचूप सोसत उभा असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच अवलंबून आहे.

एका कारखान्यात जाड पत्रा गोल वाकवून, दोन्ही टोकांना फुगीर झाकणे जोडून मला बनवले. आत पाणी भरून दाब चढवून पाहिला, मग पाणी ओतून टाकले. एका कामगाराने हातोडीने माझ्या अंगावर टकटक केले, कान दिला आणि शेजारच्याला म्हणाला, "खणखणीत आहे." माझी छाती फुगली. फुगणे हा तसा आमचा स्वभावच.

मला विकत घेतले ते मामाने. तो काही माझा मामा नव्हे, पण त्याची भाची त्याला मामा म्हणायची, तिच्यामुळे सगळी गल्ली मामा म्हणायची, मग मी तरी वेगळे काय म्हणणार? घराच्या मागच्या खोलीत त्याचे वर्कशॉप होते. खाली उतरायला अरुंद जिना, एक लांब टेबल, भिंतीवर हत्यारे, आणि कितीही झाडले तरी कोपऱ्यात उरणारा भुसा. मामा कपाटे बनवायचा. खिळे मारायची बंदूक, लाकूड घासायचा सँडर, पॉलिश फवारायची स्प्रे गन, सगळी माझ्या हवेवर चालायची. हातात घ्यायला हलकी, कितीही वापरा, तापायचे नाव नाही. आणि स्प्रेचे पॉलिश तर असे बसायचे की गिऱ्हाईक कपाटासमोर उभे राहून आधी स्वतःचे केस नीट करायचे आणि मग दारे उघडून बघायचे.

मामाचा एक नेम होता. काम संपले की मोटर बंद करायची, उरलेली हवा सोडून द्यायची आणि गुडघे टेकून माझ्या पोटाखालची छोटी तोटी उघडायची. हवेत ओल असते. हवा दाबली की त्या ओलीचे पाणी होते आणि टाकीच्या तळाशी साचते. ते पाणी मामा रंगाच्या रिकाम्या डब्यात काढून घ्यायचा. मामी दारात उभी राहून हसायची. "लहान पोरांना झोपायच्या आधी नेतात ना, तसं चाललंय तुमचं!" मामा म्हणायचा, "नाही नेलं तर ओलं करील गं." दोघे हसायचे. मलाही हसू यायचे, पण त्या हसण्याआड माझा जीव सांभाळला जातो आहे हे मला ठाऊक होते.

माझा आवाज मोठा. खोटे कशाला बोलू, कानठळ्या बसतील एवढा मोठा. वर्षानुवर्षे माझ्याशेजारी उभे राहून मामाचे कान अधू झाले. आधी तो "काय म्हणालीस?" म्हणायला लागला, मग ओरडून बोलायला लागला, शेवटी मामीने दारावरची घंटा वाजली की त्याला खूण करायला सुरुवात केली. मला फार वाईट वाटायचे. पुढे त्याचे गुडघेही गेले. एक दिवस काम अर्धे टाकून मामी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. मोटर बंद झाली, हवा नळीतून आपोआप झिरपून गेली, पण तोटी उघडायला कोणी आले नाही. मामा त्यानंतर कित्येक वर्षे जिना उतरला नाही, आणि त्या दिवसाचे पाणी माझ्या पोटातच राहिले.

वर्कशॉप भाचीने हातात घेतले. हुशार पोरगी, हाताला वळण मामाचेच, जीभ मात्र मामीची. ती आली ती बॅटरीवरची हत्यारे घेऊन. ड्रिल, करवत, सँडर, खिळ्यांची बंदूक, सगळे बिनवायरचे, बिननळीचे. खिशात घाला आणि शिडीवर चढा, असे त्यांचे लाड. आवाज काय, तर भुंग्याएवढा. मामी तर खूषच झाली. "घरात पहिल्यांदा माणसांचं बोलणं ऐकू येतंय," म्हणाली. भिंतीवर एक फळी ठोकली गेली, तिच्यावर चार्जर बसले. भाचीचा नेम वेगळा. काम संपले की प्रत्येक बॅटरी चार्जरवर. "सकाळी सगळं भरलेलं पाहिजे, ऐन वेळी अडायला नको," असे ती म्हणायची, आणि बॅटरीच्या बाबतीत ते अगदी बरोबर होते.

माझ्यावर एक जुनी चादर आली, चादरीवर रंगाचे डबे आले. मित्रांनो, मला त्या बॅटरीवाल्यांचा हेवा वाटला, नाही कसा म्हणू? पण हेव्यापेक्षा मोठी गोष्ट आत घडत होती. साचलेले पाणी पत्रा खात होते. रोज थोडे, अगदी हळू. बाहेरून माझा रंग जसाच्या तसा, आणि आतून पापुद्रे सुटत होते. मला ते जाणवायचे आणि सांगायला तोंड नव्हते.

काही वर्षांनी एका दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याची सगळी कपाटे भाचीला करायला दिली. पांढरी, गुळगुळीत, काचेसारखी हवीत, अशी त्यांची अट होती. भाचीने बॅटरीवरची स्प्रे गन चालवून पाहिली. ती थुंकल्यासारखे थेंब टाकायची. सँडर तापून मधेच बंद पडायचा, एक बॅटरी उतरली की दुसरी लावायची, तोवर तिसरी म्हातारी झालेली. भाची वैतागून खाली बसली आणि तिचे लक्ष माझ्याकडे गेले.

"अरेच्चा, तू आहेस की!" म्हणाली.

तिने डबे उतरवले, चादर काढली. पंपाचे तेल बदलले, पट्टा ताणून पाहिला, नळी नवी आणली, वायर तपासली. जे दिसते ते सगळे तिने नीट पाहिले. बटण दाबले आणि मी धडधडायला लागलो. टाकीतला दाब दाखवणारा काटा चढत गेला आणि आपल्या जागी थांबला. त्या दिवशी पहिल्या कपाटावर पॉलिश बसले तेव्हा भाची कपाटाकडे पाहत राहिली आणि मला थोपटून म्हणाली, "तुझ्यापुढे ही सगळी खेळणी आहेत रे." मी इतका सुखावलो की क्षणभर पोटातले पाणी विसरलो.

मग संध्याकाळ झाली. तिने बॅटऱ्या चार्जरवर लावल्या, हात पुसले आणि माझ्याकडे वळली. मला वाटले, आता गुडघे टेकील. तिने पुन्हा बटण दाबले. काटा टोकाला जाईपर्यंत मला भरले, मोटर बंद केली आणि म्हणाली, "चला, हाही चार्ज झाला."

मित्रांनो, तिचे चुकले कुठे ते नीट समजून घ्या. ती निष्काळजी नव्हती. बॅटरीची काळजी घेतात तशी तिने माझी काळजी घेतली. बॅटरी भरून ठेवायची असते, मला मात्र रिकामे करून ठेवायचे असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मामीला वाटे, मामाने सांगितले असेल. आणि मामाला तर मी पुन्हा चालू झालो हेच माहीत नव्हते. वर त्याच्या खोलीत माझी धडधड पोहोचत होती, पण त्याच्या कानांपर्यंत नाही.

तेव्हापासून मी रात्रंदिवस भरलेलाच. खाली गंज, आत दाब; पत्रा पुरता पातळ झाला की भरलेली टाकी बॉम्बसारखी फुटते. भाची चहाचा कप घेऊन यायची आणि माझ्यावरच बसायची. टाकी उबदार असायची, उंचीही बरोबर. पाय हलवत फोनवर बोलायची, हसायची. तिची टाच माझ्या पोटावर आपटायची आणि पूर्वी खण्ण असा येणारा आवाज आता बद्द यायचा. भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. माझ्या जिवाचे काय व्हायचे ते होवो, पण ती पोरगी उठावी, लांब जावी, एवढेच मला वाटत राहायचे.

एक दिवस बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. भाचीने साबणाचा फेस लावून शोधले. माझ्या कुशीत, तळापासून जरा वर, सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. मी मनात म्हणालो, सुटलो! आता तरी कळेल. तिने हवा सोडली, जागा घासली आणि गळक्या नळाला लावतात तो दोन रंगांचा लेप मळून भोकावर दाबून बसवला. वर पांढऱ्या रंगाचा हात मारला. "नव्यासारखा," म्हणाली, आणि मला पुन्हा भरले. काटा नेहमीच्या जागी थांबला. काटा खोटे बोलत नव्हता. आत दाब किती हे तो सांगतो, पत्रा किती उरला हे त्याला कुठे कळते? त्या दिवशीही ती चहा प्यायला माझ्यावरच बसली.

कपाटे पुरी झाली. दवाखान्यात जाण्याआधी मामाला दाखवायची असा भाचीने हट्ट धरला. एका हाताने कठडा, दुसऱ्याने मामीचा खांदा धरून मामा जिना उतरला. कपाटासमोर उभा राहिला. दारावरून बोटे फिरवली आणि मोठ्यांदा म्हणाला, "हे बॅटरीचं काम नाही!"

भाची हसली. येऊन माझ्यावर बसली, मला थोपटले आणि ओरडून म्हणाली, "तुझाच आहे मामा! तुझा कॉम्प्रेसर!"

मामाचे डोळे भरून आले. माझ्याकडे बघत त्याने मान हलवली. "चालतोय होय अजून? शहाणा माझा. पाणी काढतेस ना रोज?"

"कसलं पाणी?"

मामाला वाटले, आपल्यालाच ऐकू आले नाही. त्याने मामीकडे पाहिले. मामी त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "ती विचारतेय, कसलं पाणी."

त्याची नजर काट्यावर गेली. मग पांढऱ्या ठिगळावर. एरवी ओरडून बोलणारा मामा एकदम हळू आवाजात म्हणाला, "ऊठ. तिथून ऊठ बाळ. सावकाश."

भाची उठली. त्याने दोघींना आधी वर पाठवले, जिन्याजवळचे मुख्य बटण बंद केले आणि कठडा धरून स्वतः वर आला. फवारणी अंगणात करायची म्हणून नळीचे दुसरे टोक खिडकीतून बाहेर नेलेलेच होते. भिंतीच्या आडोशाला बसून भाचीने स्प्रे गनचा चाप दाबून धरला. हवा फुसफुसत निघत राहिली. मी आत एकटा उभा होतो, काटा उतरत होता, आणि प्रत्येक क्षणाला मला वाटत होते, एवढा एक क्षण धरून ठेवू दे.

काटा शून्यावर आला. दोघींनी मला जिन्यावरून ओढत वर अंगणात आणले. मामाने भाचीला तिचे बॅटरीवरचे ड्रिल आणायला सांगितले. "पोटाला भोक पाड ह्याच्या. मोठं पाड. परत कोणी भरायला नको."

"मामा, तुझा आहे रे तो."

"म्हणून तर सांगतोय."

भाचीने टोक टेकवले. जाड पत्र्यात भोक पाडायला अंगाचा जोर लावावा लागतो, म्हणून तिने दात आवळले होते. जोर लावायची वेळच आली नाही. बिस्किटात बोट जावे तसे ड्रिल मुठीपर्यंत आत गेले. तांबडे पाणी आणि गंजाचे पापुद्रे तिच्या पायांवर सांडले. ती त्या पाण्याकडे बघत खाली बसली, आणि मग तिला रडू आले. ज्या ड्रिलचा मी हेवा केला त्याच्याच हातून मेलो, आणि मित्रांनो, मला आयुष्यात इतके हलके कधी वाटले नव्हते.

गोष्ट इथे संपती तर किती बरे झाले असते.

मला कापून मगच भंगारात द्यायचे असे मामाने ठरवले होते. तो आणि भाची दवाखान्यात कपाटे बसलेली बघायला गेले असताना भंगारवाला दारात आला. मामी माझ्यावर आधीच खार खाऊन होती. "घेऊन जा ही ब्याद एकदाची. पण आधी कापा हं."

"कापतो की, बाई," तो म्हणाला.

त्याने मला कापले नाही. ड्रिलच्या भोकावर पत्र्याचा तुकडा ठेवून वेल्डिंग केले. लेपाचे ठिगळ घासून सपाट केले. आतला गंज तसाच, आणि इतक्या वर्षांत गंजून जाम झालेली तोटीही तशीच. वरून मला झगझगीत निळा रंग दिला. आता मी एका जुन्या सामानाच्या दुकानात, पुढच्या रांगेत उभा आहे. आत्ताच एक नवरा-बायको आले आहेत. त्यांना घरच्या घरी फर्निचर रंगवायचे आहे. बायको विचारते आहे, "बॅटरीवालंच घेऊया का?" नवरा म्हणतो आहे, "अगं, हा बघ, नव्यासारखा आहे." दुकानदाराने वायर लावली आहे.

मित्रांनो, तुम्ही कधी माझ्यासारख्याला घरी आणाल, तर रंगावर जाऊ नका. वाकून पोटाखाली बघा. टाकीवर कुठे ठिगळ असेल, वेल्डिंगचा नवा डाग असेल, तोटी फिरत नसेल, तर मला भरू नका, फुकट मिळालो तरी नको. धडधाकट असेन तर रोज काम संपल्यावर हवा सोडा, पाणी काढा आणि मला रिकामा ठेवा. एवढी काळजी घ्या, मी तुमच्यासाठी मरेस्तोवर राबेन.

दुकानदाराने बटण दाबले आहे. बायको काटा नीट दिसावा म्हणून जवळ येऊन खाली बसली आहे. बाई, उठा हो तिथून.