दोनदा सांगायची सवय

मामांचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा डॉक्टरांनी काढून घेतला, दुसऱ्यांदा कॉम्प्युटरने गिळला. पहिल्या वेळी मामी रडल्या नव्हत्या. माणूस वाचला ना, मग आवाजाचं काय एवढं घेऊन बसलात, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावून सांगत होत्या. दुसऱ्या वेळी मात्र स्वयंपाकघरात जाऊन, नळ मोठा सोडून, चांगल्या घळाघळा रडल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "कांदा होता." घरात त्या दिवशी कांदा औषधालाही नव्हता.

आता आवाज दोनदा कसा जातो, ते सांगायला हवं. मामा म्हणजे बसस्थानकाचा आवाज. उभी हयात त्यांनी तिथल्या काचेच्या खोलीत माइकसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोर चुकून चौकशीपाशी रडत उभं आहे, हे सगळं शहराने त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्या कामाचा एक नियम होता: सूचना दोनदा द्यायची. पहिल्या वेळी लोकांचे कान टवकारतात, दुसऱ्या वेळी त्यांना ऐकू येतं. बरं, नियम कामावर ठेवून घरी यावं की नाही? छे! "अगं, ऐकलंस का? अगं, ऐकलंस का?" असं घरातही दोनदा. मामी पहिल्या हाकेला कधी ओ देत नसत. दुसरी येणारच आहे हे ठाऊक असताना पहिलीला हातातलं काम कोण सोडतंय? "माझं लग्न माणसाशी लावलंय की भोंग्याशी, तेच कळत नाही," असं त्या शेजारणींना सांगत आणि स्वतःच हसत.

मग घसा बिघडला. ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल पण बोलणं जाईल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. तेव्हा भाच्याला सुचलं. हा भाचा लहानपणापासून मामांकडेच वाढलेला, आणि त्याच्यापायी अख्खी गल्ली या दोघांना मामा-मामी म्हणायची. तो माइक घेऊन आला. "मामा, आवाज आहे तोवर रोजची वाक्यं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवा. नंतर नुसतं बटण दाबलं की तुमच्याच आवाजात बोलता येईल."

मामांना पटलं. खिडकीला गोधडी लावून, दार बंद करून ते बसले. कामाचा माणूस, काम रीतसरच करणार. 'सकाळ', 'जेवण', 'दवाखाना', 'पाहुणे', 'घर' असे कप्पे पाडले आणि प्रत्येक वाक्य अर्थातच दोनदा बोलले. मामी दाराबाहेरून ओरडत होत्या, "अहो, तो कॉम्प्युटर बहिरा नाही!"

ऑपरेशन झालं. मामा घरी आले, आणि खरंच, बटण दाबलं की त्यांचा तो भरदार आवाज घरात फिरू लागला. लिहायला पाटी आणली होती, ती मामांनी कपाटावर फेकून दिली. जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस खडूने काय लिहिणार? सगळं मार्गी लागलंय असं वाटत होतं, आणि एका सकाळी मामा 'घर' उघडायला गेले तर पडद्यावर एक काळी चौकट चमकली आणि मिटली. आवाज नाही. 'जेवण'चं तेच, 'दवाखाना'चंही तेच. कप्प्यांची नावं जागच्या जागी होती, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारकासा बाण उगवला होता.

भाच्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "व्हायरस आहे, मामी. हे कप्पे खोटे आहेत. खरे त्याने दडवले तरी असतील, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

भाच्याने कुठलंसं औषध घालून कॉम्प्युटर साफ केला, पडद्यावर हिरवी खूण आली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी बाण परत हजर. पुन्हा साफ केला, पुन्हा हजर. भाच्याने अक्षरशः हात टेकले. शेवटी म्हणाला, "आता एकच उपाय. सगळं पुसायचं आणि कॉम्प्युटर कोरा करायचा."

"आणि त्यांची वाक्यं?"

"कॉपी काढून ठेवणार होतो मी, मामी. राहून गेलं."

मामींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने खुर्ची मागे सरकवली. "पुसायचं नाव काढशील तर याद राख," त्या म्हणाल्या. पायात चपला सरकवल्या आणि चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन तिथल्या बाईंना जवळजवळ हाताला धरून घेऊन आल्या.

बाई शांत होत्या. खांद्याला मोठी पिशवी, केसांत खोचलेला पेन, आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांनी आधी इंटरनेटची वायर काढली. "आधी याला बाहेर काढू, मग सामान शोधू," त्या म्हणाल्या. "घरात चोर असताना दागिने मोजत बसायचं नसतं." मग विचारलं, "याला कोणी काही जोडतं का? मोबाइल, पेनड्राइव्ह, काही?"

"छे हो," मामी म्हणाल्या. "आमच्याकडे कोण जोडणार?"

मामांनी टेबलावर बोटांनी टकटक केली.

"चहा ठेवते, थांबा जरा," मामी म्हणाल्या.

मामांनी जोरजोरात मान हलवली आणि सदऱ्याच्या खिशावर हात आपटला.

"गोळी घेतलीत हो मघाशी. एवढ्यात दुसरी नाही घ्यायची." आणि मामी बाईंना म्हणाल्या, "आजकाल त्यांच्या लक्षातच राहत नाही."

मामांनी एकदा बायकोकडे पाहिलं, मग खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. रुसले, चक्क रुसले. मामींना वाटलं, चहाला उशीर झाला म्हणून.

बाईंनी स्वतःच्या पिशवीतून सीडीची एक चकती काढली, तिच्यावरून कॉम्प्युटर चालू केला आणि बराच वेळ कोपरा न् कोपरा धुंडाळला. व्हायरस एका ठिकाणी नव्हताच. एक मारला की दुसरा त्याला उठवायचा, अशी त्याची व्यवस्था होती. बाईंनी सगळ्यांना एकदमच गाठलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बाण नाहीत, काळी चौकट नाही. "गेला," बाई म्हणाल्या. मामींचा जीव भांड्यात पडला. हात धुवायला म्हणून बाई आत गेल्या, चहाचे कप घ्यायला मामी त्यांच्या मागे, आणि बिस्किटांचा पुडा कुठे आहे ते सांगायला भाचा मामींच्या मागे.

बाहेर येऊन बघतात तर बाण जागच्या जागी.

"अरे देवा!" मामी मटकन खाली बसल्या. "भूत आहे का काय यात?"

बाई मात्र घाबरल्या नाहीत. त्या कॉम्प्युटरकडे पाहतच नव्हत्या, मामांकडे पाहत होत्या. मामा अगदी सोज्वळ चेहरा करून बसले होते, आणि मामी त्यांना चांगल्या ओळखत होत्या. त्यांचा हा चेहरा म्हणजे नुकतंच काहीतरी करून बसल्याचा चेहरा.

"मामा, मी तुम्हालाच विचारते," बाई म्हणाल्या. "मामी, तुम्ही उत्तर द्यायचं नाही."

मामींनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. जड गेलं, पण मिटलं.

"आम्ही आत असताना तुम्ही याला काही जोडलंत?"

मामांनी मान डोलावली. सदऱ्याच्या खिशात हात घातला, गोळ्यांच्या पाकिटामागून एक पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला. मग दोन बोटं वर केली. दोन. आणि पुन्हा दोन.

सगळ्यात आधी मामींना कळलं. "अहो! तुम्ही दुसऱ्यांदा पण भरून ठेवलंत?"

मामांनी अशी मान डोलावली की जणू हे विचारायची काय गरज होती. सूचना दोनदा द्यायची, हे त्यांनी कधी सोडलं होतं का? ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच त्यांनी सगळे कप्पे पेनड्राइव्हवर उतरवून खिशात ठेवले होते. बाई एकेक प्रश्न विचारत गेल्या आणि मामा हो-नाही करत गेले, तशी सगळी भानगड उलगडली. दवाखान्याचा कागद छापायला मामा हाच पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. व्हायरस तिथून चिकटला. घरी आला, कॉम्प्युटरमध्ये शिरला. आणि त्यानंतर दर वेळी कॉम्प्युटर साफ झाला की मामा मोठ्या आशेने पेनड्राइव्ह लावायचे. आपली वाक्यं आपणच परत घालू, म्हणून. वाक्यं काही यायची नाहीत, व्हायरस तेवढा यायचा.

"मला विचारायचं तरी!" भाचा म्हणाला.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मामींकडे पाहिलं आणि हात पसरले. कोण कोणाला विचारतंय इथे, असंच ते हात म्हणत होते. मामी लाजल्या. खरंच होतं. आवाज गेल्यापासून लोक मामांबद्दलचं सगळं मामींना विचारत, आणि मामी फडाफडा उत्तरं देत. त्यांना भूक आहे, त्यांना झोप येतेय, त्यांना गोळी हवीय. मघाशी तो माणूस खिसा बडवून सांगत होता, आणि आपण त्याला विसरभोळा ठरवून मोकळ्या झालो. मामींना स्वतःचाच राग आला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. एवढं सोपं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं म्हणून भाचा बघतच राहिला.

बाईंनी कॉम्प्युटर पुन्हा साफ केला. मग पेनड्राइव्ह त्याच्या जवळही न नेता पिशवीतून स्वतःचा जुना लॅपटॉप काढला. "याची सिस्टिम वेगळी आहे. हा व्हायरस इथे लंगडा." आधी त्यांनी मामांच्या कॉम्प्युटरमधल्या दडवलेल्या फाइली उघड केल्या. 'सकाळ' आली, 'जेवण' आलं, 'पाहुणे' आले. भाचा टाळ्या वाजवायच्या बेतात होता. 'घर' उघडलं, तर आत काहीच नाही.

"वारंवार साफ करण्यात हा कप्पा गेलेला दिसतोय," बाई हळूच म्हणाल्या.

भाचा पांढराफटक पडला. बाकीचं कशाला हवं होतं मामींना? चहा दे, गोळी दे, हे मामांनी बोटाने दाखवलं असतं तरी चाललं असतं. 'घर'मध्ये काय होतं ते त्यांनाच माहीत होतं. इतक्या वर्षांत त्यांना घरात कोणी नावाने हाक मारली नव्हती. त्यांची हाक म्हणजे "अगं", आणि ती त्या कप्प्यात होती.

"आता मामांची दुसरी सूचना ऐकू," बाई म्हणाल्या आणि पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला. आधी पडद्यावर नुसते बाणच बाण. त्यांनी काहीतरी टाइप केलं, आणि बाणांच्या मागून एकेक करून खरे कप्पे वर आले, पुसट, पाण्याखाली ठेवल्यासारखे. सगळ्यात शेवटी 'घर'. भरलेलं.

मामींनी भाच्याचा दंड इतका घट्ट धरला की तो "मामी, हात!" म्हणून ओरडला.

बाईंनी फक्त आवाजाच्या फाइली एका कोऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, बाकी कशाला हात लावला नाही. त्या नीट तपासून घेतल्या, मगच कॉम्प्युटरमध्ये घातल्या. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह पुसून स्वच्छ केला, त्यावर पुन्हा सगळं उतरवलं आणि मामांच्या हातात दिला.

"दोनदा ठेवलंत ते शंभर टक्के बरोबर, मामा. त्यानेच वाचलंय. फक्त एक करायचं. दुसरा असा खिशात घेऊन हिंडायचा नाही, आणि याला जोडूनही ठेवायचा नाही. कपाटात ठेवायचा, गरज पडेल तेव्हाच काढायचा."

मामांनी भाच्याकडे पाहून मिशीत हसत मान डोलावली. दोनदा.

बाईंना निरोप द्यायला भाचा खालपर्यंत गेला. मामी कप विसळायला स्वयंपाकघरात गेल्या. त्यांचं अंग एकदम हलकं झालं होतं. साबण लावून झाला, पहिला कप नळाखाली धरला, आणि बाहेरून तो आवाज आला. खणखणीत, भरदार, एखादी गाडी फलाटावर लागल्यासारखा.

"अगं, ऐकलंस का?"

मामींनी कप तसाच खाली ठेवला. ओल्या हातांनी पदर सावरत त्या दारापर्यंत धावल्याच. "ऐकलं!" त्या म्हणाल्या. "ऐकलं हो, आले, आले!"

मामा चकितच झाले. एवढ्या संसारात पहिल्या हाकेला ओ आल्याचं त्यांना आठवत नव्हतं. बटणावर बोट तसंच होतं, आणि ती हाक भरताना ते दोनदाच बोलले होते, त्याला आता इलाज नव्हता.

"अगं, ऐकलंस का?" आवाज पुन्हा आला.

"हो," मामी म्हणाल्या. खुर्ची ओढून त्या त्यांच्या समोर बसल्या, तोंड मिटलं आणि मामा काय सांगतात त्याची वाट पाहू लागल्या.