धुतलेली चिंधी

मी एक जुनी चिंधी आहे आणि माझा वास येतो. नाक धरायचं असेल तर आत्ताच धरा मित्रांनो, मागाहून तक्रार नको.

मी जन्माची चिंधी नव्हे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या टेकड्यांत शेळ्या पाळणाऱ्या व्हर्ना थिबोच्या नवऱ्याचा मी फ्लॅनेलचा शर्ट. तो वारला, शर्टाची कोपरं विरली, तेव्हा व्हर्नाने वीतभर तुकडा कापून घेतला. शेजारी ऑल्डनकडे डीकन नावाचा बोकड आहे. पानं लाल झाली की हे महाराज स्वतःच्या दाढीवर मुततात आणि त्याला अत्तर समजतात. व्हर्नाने मला त्याच्या शिंगांमागे खसाखसा घासलं, लोणच्याच्या काचेच्या बरणीत कोंबलं आणि झाकण लावलं.

बोकड गोठ्यात ठेवला तर दुधाला वास लागतो, म्हणून तो दोन मैलांवर आणि इथे मी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक शेळीच्या नाकापुढे बरणी उघडायची. माजावर असलेली, म्हणजे बोकडाची ओढ लागलेली, मला हुंगते, शेपटी फडफडवते, बरणीला डोकं घासते. नसलेली तोंड फिरवते. माज जेमतेम दीड दिवस टिकतो. तेवढ्यात बोकडाकडे नेली तर ठीक, नाहीतर अठरा ते एकवीस दिवस वाट बघा. बारा वर्षांत मी एकदाही चुकले नाही. "या घरात तुझ्याइतकं हुशार कोणी नाही," असं व्हर्ना बरणीला म्हणायची, मुलाला ऐकू जाईल अशा बेताने.

मुलगा म्हणजे गिल. शिकलेला. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी व्हर्ना लेकीकडे गेली आणि शेळ्या याच्या हाती आल्या. चीज घ्यायला येणाऱ्या बायका नाक मुरडतात म्हणून या शहाण्याने मला धुतलं. लॅव्हेंडरच्या साबणाने, दोनदा. वाळवून, घडी घालून बरणीत ठेवलं आणि मोबाईलमधल्या तारखा बघून तीच बरणी शेळ्यांपुढे धरत राहिला.

शेळ्या कशाला बघतील माझ्याकडे? बाकीच्यांनी ओरडून गोठा डोक्यावर घेतला, म्हणून त्यांचं निभावलं. टॅन्सीचं नाही. व्हर्नाच्या सगळ्यात जुन्या दुभत्या वंशाची ती शेवटची शेळी, आणि तिचा माज मुका. हूं की चूं करत नाही. शेपूट जराशी हलते, दूध पेलाभर कमी येतं, बस. मला काचेतून ते दिसत होतं. गिलला डोळे असून दिसेना.

"ही वांझ झाली," तो म्हणाला, आणि तिला विकायला शनिवारची गाडी सांगून मोकळा झाला.

शुक्रवारी सकाळी व्हर्ना काठी टेकत आली. आधी दुधाची बादली बघितली.

"टॅन्सीचं दूध कमी का रे?"

"आटत असेल."

"बरणी दाखवलीस?"

"रोज. ती ढुंकूनही बघत नाही."

व्हर्नाने झाकण काढून नाक आत घातलं.

"गिल्बर्ट, या चिंधीला कोणी धुतलं?"

"आई, फार घाण वास येत होता गं."

"तुझ्या बापालाही यायचा. मी त्याला साबणात बुडवून ठेवलं नव्हतं."

"पण मोबाईलमध्ये..."

"मोबाईलला शेपटी आहे का? चल, गाडी काढ."

ऑल्डनकडे जाऊन तिने मला पुन्हा डीकनच्या डोक्यावर घासलं. परत येऊन बरणी उघडली. टॅन्सीने हुंगलं, ओठ वर केला आणि तिची शेपटी अशी थरथरली की गिलची मान आपोआप खाली गेली. तासाभरात ती डीकनच्या वाड्यात होती, आणि पळाली नाही. माजावरची शेळी बोकडापुढे गप उभी राहते. शनिवारची गाडी रिकामी परत गेली.

एकविसाव्या दिवशी गिलने स्वतः बरणी उघडली. माज परतला असता तर या वर्षी गाभण राहण्याचा मोसम संपलाच होता. टॅन्सीने मला एकदा हुंगलं आणि तुच्छतेने तोंड फिरवलं. गाभण होती. इतका सुंदर अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता.

मित्रांनो, जनावर ओरडत नाही म्हणजे त्याला काही सांगायचं नाही, असं समजू नका. दिवसातून दोनदा त्याच्या शेपटीकडे बघा. आणि मला साबण दाखवू नका.