दगडाचं पोट
टाकीवाल्या काकांना मिरवायची हौस भारी. गल्लीच्या बोअरच्या पाण्यात शिसं निघालं, तेव्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्यांच्या सुनेनं अंगणातल्या टाकीत झिओलाइट नावाच्या दगडाची खडी भरली. मिठाच्या पाण्यात मुरवलेला तो दगड शिसं धरून ठेवायचा. सगळी गल्ली कॅन घेऊन दारात येऊ लागली आणि काकांच्या मिशीला पीळ चढला. सुनेनं एकच काम त्यांच्यावर सोपवलं होतं. दर आठवड्याला खडी भरपूर मीठ घातलेल्या पाण्यानं धुवायची, म्हणजे दगड धरलेलं शिसं सोडतो आणि पुन्हा कामाला लागतो.

पण धुतल्यावर पाणी जरा खारट लागे. लोकांनी नाकं मुरडली. झालं! काकांनी कुणाला न विचारता धुणंच बंद केलं. दगडाला कसली भूक आणि कसलं अपचन, असा त्यांचा हिशेब. अतिशहाणा म्हणतात तो हाच.

आज सकाळी सुनेनं त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, पाणी तपासलं. शिसं सरळ आरपार येतंय. मीठ बंद केलंत का?"

"हळू बोल गं! बाहेर लोक उभे आहेत. दुपारी धुतो गुपचूप."

"शेजारणीचे दिवस भरत आलेत, बाबा. तिला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

काका बाहेर आले. इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर... पुढचं मनात आणायचीही त्यांची छाती होईना. आणि रांगेत पहिली तीच, शेजारीण.

"काका, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंय? आधी पेलाभर द्या, घसा सुकलाय."

त्यांनी पेला भरला. हात पुढे गेला आणि तिथंच थिजला.

"पेला चिकटला की काय हाताला!" मागून कुणीतरी म्हणालं. रांग हसली. दारात सून उभी होती. पळायला वाट नव्हती. त्यांनी पेला जमिनीवर ओतला.

"नको पिऊस, पोरी. यात शिसं आहे. दगडाचं पोट भरलंय. धुणं मीच बंद केलं होतं."

हसणं थांबलं. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या, तर काकांना बरं वाटलं असतं. तिनं नुसता पोटावर हात ठेवला.

"कधीपासून, काका?"