मौनाचा सोमवार

“मौन धरशील तेव्हा आपल्या गप्प बसण्यानं कुणाच्या पोटावर पाय पडत नाही ना, तेवढं बघ गो बाय.” आई जाऊन वर्षं लोटली, तरी श्रावणी सोमवारी पद्मजेच्या कानात हा आवाज यायचाच.

दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही, हा तिचा नेम. पार्ल्याच्या ज्या कॉलेजात ती शिकवायची, तिथं तो सगळ्यांना ठाऊक होता. सोमवारी तिला तासही नसत.

तृतीय वर्षाचा सांख्यिकीचा निकाल पार बुडाला होता. विषय विभागप्रमुख शिवदाससरांचा. नॅकच्या तपासणीच्या गडबडीत त्यांनी वर्गाचं तोंड पाहिलं नाही, आणि परीक्षा डोक्यावर आल्यावर तो तासिका तत्त्वावरच्या प्रियंकाच्या गळ्यात मारला. पद्मजेच्या देखतच.

“मॅडम, माझ्या बाजूनं बोलाल ना? यंदा घेतलं नाही तर मी जाऊ कुठे?” शनिवारी प्रियंकानं विचारलं, तेव्हा पद्मजेनं शब्द दिला. मग विभागाच्या सोमवारच्या बैठकीची सूचना लागली. प्रियंकाला बोलावणं नव्हतं.

“निकालाला जबाबदार कोण, प्राचार्यांना आजच नाव हवंय,” बैठकीत सर म्हणाले. “तसा दोष कुणाचाच नाही…”

“पण शिकवलं तर प्रियंकानंच ना?” विभागातला अनिरुद्ध वेफर्सचं पाकीट फोडत म्हणाला.

“शेवटी शेवटी!” शेजारची कमल पुटपुटली.

“मग तुझं नाव देऊ का गं?” अनिरुद्धनं विचारलं.

कमल कपातल्या चहाकडे बघू लागली. पद्मजेनं हात वर केला.

“अहो मॅडम, आज मौन ना तुमचं? आमच्यासाठी कशाला मोडता!” सर हसले. “तुमची संमती धरतो. जेवतो आणि वर जाऊन सांगतो.”

खुर्च्या सरकल्या, खोली रिकामी झाली. पद्मजा बसूनच राहिली. फार थकवा आला होता. दर निकालानंतर हेच. नाव शोधायचं, आणि ते सगळ्यात खालच्या पायरीवरच्याचंच सापडायचं. निवृत्तीपर्यंत याच माणसांच्या शेजारी डबा उघडायचा होता. चिठ्ठी लिहून देता आली असती, पण चिठ्ठी कुणीही खणात सारून देतं.

तिनं डोळे मिटून हात जोडले. महादेवा, एवढा सोमवार उसना दे.

मग ती उठली. सकाळपासून न वापरलेला घसा खाकरून मोकळा केला, आणि जिन्याचा कठडा धरून, सरांचं जेवण उरकायच्या आत, प्राचार्यांच्या खोलीकडे चढू लागली.