नव्या न्हाणीची कडी

"वहिनी, ह्यो पडदा ठेवायचा का टाकायचा?"

हनुमंत गवंड्यानं न्हाणीचा पडदा काठीसकट काढून हातात धरला होता. कबड्डी स्पर्धेच्या जुन्या फ्लेक्सचा पडदा. त्यावरचे खेळाडू साबणाच्या पाण्यानं पांढुरके पडले होते.

नंदाबाई तोंड उघडायच्या आत तिचा नवरा सोपान म्हणाला, "टाक रं तिकडं उकिरड्यावर. सूनबाईला दार बसवायचंय आता."

सूनबाईला. नंदाबाईनं पडदा हनुमंताच्या हातून घेतला, घडी घातली आणि सरपणाच्या मागे सारला.

भाजे गावातल्या या घरात ती एकतीस वर्षांपूर्वी आली. न्हाणी परसात होती. तीन बाजूंना खांद्याइतक्या भिंती, चौथ्या बाजूला तेव्हा गोणपाट. आत कुणी आहे हे कळावं म्हणून भिंतीवर तांब्या ठेवायचा. तांब्या दिसला की घरचं माणूस मागे फिरे. ओंकार पोटात असताना तिनं पहिल्यांदा दार मागितलं.

"हितं कोन बघतंय तुला?" सोपान म्हणाला होता.

पुढे लेणी बघायला येणारे लोक वाढले. एका रविवारी त्यातल्या एकानं सरळ पडदा बाजूला केला. "मावशी, इथे वॉशरूम..." एवढं बोलून तो पळाला. तांब्याची खूण त्याला कुठून ठाऊक असणार? नंदाबाईनं ते सांगितलं तेव्हा सोपान हसला. "पाठच बघितली ना?"

त्यानंतर ती आंघोळ दोन मिनिटांत उरकू लागली.

लोणावळ्याच्या बंगल्यांत तिनं अकरा वर्षं धुण्यापुसण्याची कामं केली. एकेका बंगल्यात चार-चार बाथरूम. ती प्रत्येक बाथरूम आतून कडी लावून घासायची. गरज काहीच नव्हती. का, ते तिला कुणी विचारलं नाही.

ओंकारचं लग्न होऊन सव्वा महिना झाला होता. सून प्रेरणा तळेगावला एका लॅबमध्ये नोकरीला. तिनं न्हाणीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. एका सकाळी ती हातात कपडे घेऊन परसात घुटमळताना सोपानला दिसली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं हनुमंताला बोलावलं. एकदाच दिसली, तेवढ्यावर.

फरशीचे नमुने तो स्वतः कामशेतहून स्कूटरवर घेऊन आला. "पोरीला निळी आवडली," असं दोनदा सांगितलं. नंदाबाईला कोणती आवडते हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आठव्या दिवशी फरशी बसली. दुपारी हनुमंत जेवायला गेला तेव्हा नंदाबाई उंबऱ्याशी उकिडवी बसली. तिनं मगभर पाणी अलगद आत सोडलं.

पाणी डावीकडे गेलं.

पाणी जायची जाळी उजव्या कोपऱ्यात होती. जुन्या न्हाणीचं पाणी डावीकडच्या भोकातून अळूत जायचं. नवा शोषखड्डा उजवीकडे खणला होता. हनुमंतानं दोरी मात्र सवयीनं जुन्या फरशीच्याच उतारावर ताणली होती. डावं भोक तर बुजलं होतं. पाणी कोपऱ्यात जाऊन थांबलं.

फरशीखालचा सिमेंटचा माल अजून ओला होता. आज सांगितलं तर फरश्या निघतील, उद्या निघणार नाहीत.

तिनं वाकून पदरानं पाणी टिपलं आणि उठली.

साचू दे. रोज आंघोळ झाली की सूनबाई वायपर घेईल, वाकेल, पाणी जाळीकडे लोटेल. घे म्हणावं निळी फरशी. हे चित्र नंदाबाईनं चुलीपाशी भाकरी थापताना पुन्हा पुन्हा पाहिलं. दर वेळी तिला बरं वाटलं.

पाचच्या सुमाराला हनुमंत दार बसवत असताना प्रेरणा कामावरून आली. पर्स खांद्यावरच होती.

"काका, कडी जरा खाली लावा ना. आईंचा खांदा दुखतो, हात वर जात नाही त्यांचा."

"बरं, बरं."

नंदाबाई भिंतीशी उभी होती. खांद्याचं ती कुणाला बोलली नव्हती. पण तिला लागलं ते दुसरंच. कडी असणारच, हे ही पोर किती सहज धरून चालली होती! फक्त ती वर लावायची का खाली, एवढाच तिचा प्रश्न. नंदाबाईला तिचा हेवा वाटला.

मग ती म्हणाली, "हनुमंतभाऊ, आत पानी वता जरा."

"आत्ता? कशाला?"

"वता तर."

पाणी डावीकडे गेलं. हनुमंतानं कपाळावर हात मारला. "आयला! वहिनी, आदी न्हाई का सांगायचं?"

"आत्ता दिसलं मला," नंदाबाई म्हणाली. प्रेरणाची नजर तिच्या पदरावर गेली. त्यावर सिमेंटचा डाग वाळला होता.

सोपान वैतागला. "एवढ्यापायी सगळं उकरायचं? थोडं पानी ऱ्हायलं तर काय बिगाडलं? वायपरनं लोटंल की ती!"

"अकरा वर्सं लोटलंय मी, लोकाच्या घरात," नंदाबाई म्हणाली. "कंबर कशी व्हती ते मला इचारा. काढा वो, हनुमंतभाऊ."

हनुमंतानं थापी घातली. दोन फरश्या फुटल्या, बाकीच्या सुट्या निघाल्या.

चार दिवसांनी ओंकार आणि प्रेरणा कामावर गेल्यावर नंदाबाई आंघोळीला गेली. दाराबाहेर कठड्यावर तिनं तांब्या ठेवला. आत आली, कडी लावली. हात सहज पोचला.

पहिला मग अंगावर घेतला. पाणी उजवीकडे वळलं, जाळीत उतरलं, मागे काही राहिलं नाही.

परसातून सोपानची हाक आली. "अगं, कुटं हायेस?" मग त्याला तांब्या दिसला असावा. पावलं मागे फिरली.

आंघोळ दोन मिनिटांत आटोपली. साबण झाला, पाणी झालं. आता दुसरं काय करायचं, तिला कळेना. बादली अर्धी भरलेली होती, पाणी अजून गरम होतं. ती तशीच स्टुलावर बसून राहिली, बंद दाराकडे बघत.